कुंपणाशी न आलेला घोडा

पेडणे तालुक्यात गुरांचा डॉक्टर म्हणून माझी बारा वर्षं गेली. गाई, म्हशी, बकऱ्या, अधूनमधून एखाद्या बंगल्यातलं कुत्रं. घोडा म्हटला की अजूनही छातीत धस्स होतं. गोव्यात रेसकोर्स नाही, त्यामुळे हात बसायला घोडे मिळतात कुठे?

मे महिना. पहाटे साडेपाचला मोरजीहून फोन.

"डॉक्टर, घोडा कुंपणाशी आला नाही."

"लोळतोय का? पाय आपटतोय?"

"नाही हो. फक्त आला नाही."

फोन करणारे हे काका पुण्यात रेसच्या घोड्यांचे ट्रेनर होते. रेस सोडल्यावर इथे आले ते एक तांबडा घोडा घेऊनच. लांब पल्ल्याचा घोडा. आपल्याकडे बहुतेक शर्यती १००० ते १६०० मीटरच्या. पुण्यात सप्टेंबरात होणारी २८०० मीटरची इंडियन सेंट लेजर ही त्यातली अपवाद. हा गडी १६०० मीटरपर्यंत नुसता अंग मोकळं करायचा म्हणे. मोठा कप एकही नाही, पण तो शेवटून पुढे सरकायला लागला की ज्यांनी त्याच्यावर पैसे लावले नव्हते तेही उभे राहून ओरडायचे. हे सगळं काकांकडून ऐकलेलं. ट्रेनर आपल्या घोड्याबद्दल बोलताना थोडी सूट द्यावीच लागते.

मी पोचलो तेव्हा तो माडाखाली शांत उभा होता. हिरड्या गुलाबी, ताप नाही. ठोके मोजले, मिनिटाला ४४. पुस्तकात घोड्याचे २८ ते ४४ लिहिलेत. "नॉर्मल," मी म्हणालो. काठावर का होईना, पास. गॅस असेल, एक इंजेक्शन देऊ आणि निघू, असं मनात ठरवूनही टाकलं. साडेआठला हरमलला म्हैस अडली होती.

काका आत गेले आणि वही घेऊन आले. रोज सकाळी दाण्याआधी मोजलेले ठोके. पानामागून पान: २८, २८, २९, २८.

"तुमच्या पुस्तकातला घोडा वेगळा, डॉक्टर. याच्यासाठी ४४ म्हणजे शेवटचा फर्लांग चाललाय. दम लपवायची सवय आहे त्याला."

मी बॅग पुन्हा उघडली. स्टेथोस्कोप पोटाखाली, छातीच्या हाडामागे लावला आणि ऐकत राहिलो. आतून सळसळ येत होती, वाळूवर लाट येऊन परतावी तशी. बाहेरही समुद्र गाजत होता, म्हणून कानांवर विश्वास बसेना. रात्रीची लीद हातमोज्यात घेतली, पाणी भरलं, ढवळून हातमोजा खुंटीला टांगला. पंधरा मिनिटांत बोटांमध्ये वाळू उतरली. चारही बोटं भरली.

पावसाआधी गवत संपलेलं, सुका चारा वाळूवरच टाकत होते. प्रत्येक घासाबरोबर चिमूटभर वाळू पोटात.

घोड्याला उलटी करता येत नाही, म्हणून आधी नाकातून नळी घालून पोट तुंबलंय का ते पाहिलं. तुंबलं नव्हतं. मग दुखण्यावरचं इंजेक्शन, आणि इसबगोल अर्धा किलो, तेवढंच एप्सम सॉल्ट. इसबगोल आणायला घोडा सांभाळणाऱ्या सईसाला मांद्र्याला पिटाळलं. त्याने उघडतील ती दुकानं रिकामी केली. आणि मी शहाण्याने सगळं एकदम बादलीत कालवलं. पंप जोडेपर्यंत बादलीत खरवस! अर्धा तास नळी धुण्यात गेला. दुसऱ्या खेपेला थोडं थोडं कालवलं आणि श्वास न घेता पंप मारला.

थांबण्याच्या वेळात काका बोलत सुटले. मार्क जॉन्स्टन म्हणून एक स्कॉटिश ट्रेनर, मूळचा जनावरांचा डॉक्टर. "तुमच्यातलाच!" त्याचा डबल ट्रिगर नावाचा घोडा पांढऱ्या तोंडाचा, पुढे राहून पळणारा. कोणी गाठलं तरी पुन्हा मान पुढे काढायचा. १९९५ साली ॲस्कॉट गोल्ड कप, गुडवूड कप, डॉनकास्टर कप, इंग्लंडातल्या लांब पल्ल्याच्या या तिन्ही मोठ्या शर्यती एकाच वर्षी. गुडवूड तर पुन्हा १९९७ आणि १९९८ ला. "लोक त्याला घरचा समजायचे. वेगाचा घोडा दीड मिनिटात दिसतो आणि जातो. लांब पल्ल्याच्या घोड्याशी ओळख व्हायला वेळ मिळतो, आणि तो वर्षानुवर्षं परत येतो."

हरमलची म्हैस दुसऱ्या डॉक्टरांनी सोडवली. त्यांचे दोन शब्द ऐकून घेतले.

दुपारी ठोके ३६. संध्याकाळी लीद पडली, ओली आणि जड. सईसाने ती हाताने चोळून दाखवली, कचकच वाजली. इसबगोल आठवडाभर चालू ठेवलं, चारा रबरी चटईवर टाकायला सांगितलं.

पाचव्या दिवशी गेलो तर काकांनी वही पुढे केली. त्या सकाळच्या ४४ च्या पुढे पेन्सिलीने लिहिलं होतं, 'डॉक्टर म्हणाले, नॉर्मल'. खाली आजचे, २९.

"खोडून टाका ते," मी म्हणालो.

"वहीत खाडाखोड करत नाही मी," काका म्हणाले, आणि चहा टाकायला आत गेले.