झेरॉक्समधला नकाशा

गेल्या आठवड्यात गोव्यात सांखळीच्या पुढे एका घराच्या कामावर गेले होते. जोतं पूर्ण झालंय, जांभ्याच्या चिऱ्यांचे चार थर चढलेत आणि वरून पावसाची झड. मिस्त्रीने खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली, पिशवीतून आठ घड्यांचा कागद काढला आणि बाथरूमच्या मापावर अंगठा टेकवून विचारलं, "बाय, हें आठ की तीन?"

आकडा माझ्याच हातचा. पण इंग्रजी आकड्यांत लिहिलेलं ते माप १३५० मिलिमीटर की १८५०, हे त्या कागदावर मलाही वाचता येईना. घडी नेमकी त्या आकड्यावरून गेली होती आणि शाई फुगली होती. ऑफिसात मी हा नकाशा ए१ कागदावर चार दिवस खपून काढला होता. कॉन्ट्रॅक्टरने त्याची ए३ झेरॉक्स काढून घेतली, आणि त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पावसात, चिऱ्यांच्या ढिगाशेजारी, ए१ कागद पसरायचा कुठे?

मिस्त्रीने विचारलं म्हणून निभावलं. न विचारता अर्धा मीटर इकडेतिकडे झाला असता तर चिरे काढून पुन्हा लावावे लागले असते.

मी ड्राफ्ट्समन आहे. आयटीआयच्या सर्टिफिकेटवर तोच शब्द आहे आणि मला तो आवडतो. घर डिचोलीत, ऑफिस म्हापशात, आणि १९९९ पासून हेच काम. इतक्या वर्षांत एक गोष्ट मनात घट्ट बसली आहे: माझा नकाशा म्हणजे माझ्या स्क्रीनवरचा नव्हे, मिस्त्रीच्या पिशवीतला. रेघ, अक्षर, बाण, जे काही काढायचं ते त्या कागदासाठी काढायचं.

ए१ म्हणजे ५९४ बाय ८४१ मिलिमीटर, ए३ म्हणजे २९७ बाय ४२०. दोन्ही बाजू बरोबर निम्म्या. म्हणजे १:५० चा नकाशा झेरॉक्समध्ये १:१०० होतो, पण कोपऱ्यातल्या चौकटीत मात्र १:५० च छापलेलं राहतं. कुणी त्यावर पट्टी ठेवून माप काढलं तर प्रत्येक खोली निम्मी भरेल. म्हणून मी चौकटीत दोन्ही लिहिते, ए१ वर १:५०, ए३ वर १:१००, आणि खाली एक पट्टीस्केल, म्हणजे मीटरच्या खुणांची पट्टी, काढते. कागदाबरोबर ती पट्टीही लहान होते, त्यामुळे ती खोटं बोलत नाही. तरीही फूटपट्टी लावून माप घेऊ नये, लिहिलेला आकडाच धरावा, अशी सूचना प्रत्येक शीटवर असतेच.

अक्षराचंही तेच. ए१ वर २.५ मिलिमीटर उंचीचं अक्षर नेटकं दिसतं. झेरॉक्समध्ये ते सव्वा मिलिमीटरचं होतं, आणि सव्वा मिलिमीटरच्या तीनाची शाई एका थेंबाने फुगली की त्याचा आठ दिसतो. सांखळीत तेच झालं. आता मापांचे आकडे ३.५ च्या खाली आणायचे नाहीत असं ठरवलंय. गर्दी होते हे खरं. गर्दी झाली तर शीट वाढवायची, अक्षर लहान करायचं नाही.

रेघेच्या जाडीबद्दल मात्र जरा सविस्तर लिहिते, कारण हल्ली सगळ्यात जास्त दुर्लक्ष तिच्याकडेच होतं. आयटीआयला आम्ही ट्रेसिंग पेपरवर शाईच्या पेनाने काढायचो. पेनांच्या जाड्या मिलिमीटरमध्ये ठरलेल्या: ०.१८, ०.२५, ०.३५, ०.५, ०.७. बारीक पेन सारखं तुंबायचं, मग ते कानाशी धरून हलवायचं आणि आतली तार खुळखुळते का ते ऐकायचं. चूक झाली की ब्लेडने शाई खरवडायची, आणि जास्त खरवडलं की अमोनिया प्रिंटमध्ये, म्हणजे ट्रेसिंगवरून काढलेल्या प्रतीत, तिथे डाग उठायचा. आमचे सर शीट भिंतीला लावून चार पावलं मागे जात आणि डोळे किलकिले करून बघत. भिंती आधी दिसल्या तर पास. टाइल्स, फर्निचर, मापाच्या रेघा, सगळं एकदम अंगावर आलं तर शीट परत.

त्या जाड्यांमध्ये एक सुंदर हिशेब आहे, तो मला पुष्कळ उशिरा कळला. प्रत्येक पेन आधीच्याच्या साधारण १.४ पट, म्हणजे दोनाच्या वर्गमुळाइतकं. कागदाच्या मापांतही तेच प्रमाण आहे. ए१ चा ए२ केला की ०.५ ची रेघ ०.३५ होते, ए३ केला की ०.२५. एक कागद खाली, एक पेन खाली. म्हणजे कागद लहान होणार हे ही मापं ठरवणाऱ्यांनी आधीच धरलं होतं. पण तळाची ०.१८ ची रेघ ए३ वर ०.०९ होते आणि झेरॉक्स मशीन तिला गिळून टाकतं. त्यामुळे बांधकामाच्या नकाशात कापलेल्या भिंतीला मी ०.७ देते, पलीकडे दिसणाऱ्या कडांना ०.३५, आणि मापाच्या रेघेलाही ०.२५ च्या खाली जाऊ देत नाही.

कापलेली भिंत म्हणजे काय, हे नव्या मुलांना मी प्रत्यक्ष दाखवते. प्लॅन म्हणजे घर जमिनीपासून साधारण एक ते सव्वा मीटरवर आडवं कापून वरून पाहायचं. सुरी ज्याच्यातून गेली ते जाड. सुरीच्या खाली राहिलं, ओटा, पायरी, कमोड, ते बारीक. सुरीच्या वर असलेलं, तुळई, लॉफ्ट, वळचणीची कड, ते तुटक. अडचण अशी की तुटक रेघ जमिनीखालच्या पाइपलाही वापरतात आणि पाडायच्या भिंतीलाही. एकाच शीटवर तिन्ही आले तर मिस्त्रीने ओळखायचं कसं? म्हणून तुटक रेघेशेजारी मी शब्द लिहिते. 'वर तुळई', 'खाली पाइप'. दोन शब्दांना जागा नेहमीच असते.

बाणाचा धडा मला २००६ च्या जूनमध्ये मिळाला. पेडण्याकडचं एक घर, समोर बलकांव, म्हणजे दारापुढची ओसरी, दोन्ही बाजूंना बसायचे सोपे, म्हणजे बाक, आणि मधून चढायला तीन पायऱ्या. पायऱ्यांचा बाण नेहमी चढाच्या दिशेने काढतात, तसा मी काढला, घराकडे. त्याच्या शेजारी बलकांवच्या फरशीच्या उताराचा बाण काढला, बाहेरच्या दिशेने, कारण उताराचा बाण पाणी जिकडे जातं तिकडे दाखवतात. दोन्ही रिवाज बरोबर आहेत. पण एकमेकांपासून वीतभर अंतरावर दोन बाण, एकाचं टोक म्हणजे चढ आणि दुसऱ्याचं टोक म्हणजे उतार. फरशीवाल्याने पायऱ्यांच्या बाणावरून अर्थ लावला: टोक तिकडे चढ. त्याने बाहेरची कड उचलली.

पहिल्याच पावसात पाणी थेट उंबऱ्याशी आलं. मी गेले तेव्हा घरातल्या आजींनी दारात गोणपाटं अंथरली होती आणि त्या एक पिळून दुसरं टाकत होत्या. मला बोलल्या काहीच नाहीत, फक्त बसायला खुर्ची दिली. सगळी फरशी उखडून पुन्हा घातली. फरशीवाल्याला बोल कसा लावणार? बाण माझा होता.

तेव्हापासून उताराच्या बाणावर 'पाणी' असं लिहिते आणि दोन्ही टोकांना लेव्हल, म्हणजे मिलिमीटरमध्ये उंची, देते. उंबऱ्याशी +४५०, कडेला +४३५. दीड मीटरला पंधरा मिलिमीटर, म्हणजे १:१००. बाण कुणी कसाही वाचो, ४५० हे ४३५ पेक्षा मोठं आहे यावर वाद होत नाही.

रंगावरही विसंबू नये. परवानगीच्या नकाशात नवं काम लाल आणि पाडायचं ते पिवळं दाखवायची रीत आहे. बार्देशातल्या एका जुन्या घराच्या दुरुस्तीला कामगारांनी त्याच नकाशाची काळी-पांढरी झेरॉक्स नेली. लाल आणि पिवळं दोन्ही राखाडी. मी पोहोचले तेव्हा एका भिंतीवर पहार पडायला लागली होती, आणि ती नेमकी माडीची तुळई पेलणारी भिंत होती. दोन चिरे सुटले होते, तेवढ्यावर थांबलं. आता दुरुस्तीच्या कामात 'पाडायचे' आणि 'ठेवायचे' अशी दोन वेगळी शीट्स करते, आणि पाडायच्या भिंतीवर तो शब्द मोठ्या अक्षरात लिहिते.

मापं कुठून कुठवर, हाही नेहमीचा घोळ. आमच्याकडे चिऱ्याची भिंत धरायची २३० मिलिमीटर. आतून १२ चं प्लास्टर, बाहेरून २०. म्हणजे चिऱ्यापासून चिऱ्यापर्यंत १२०० चं बाथरूम प्लास्टरनंतर ११७६ राहतं, आणि टाइल लागली की आणखी आवळतं. मेस्त, म्हणजे सुतार, कपाटाचं माप प्लास्टरनंतर घेतो, गवंडी त्याच्या आधी. दोघांच्या हातात एकच आकडा गेला तर एकाचं चुकणारच. बांधकामाच्या प्लॅनवर मी चिरा ते चिरा मापं देते आणि तसं स्पष्ट लिहिते. कपाट, ओटा यांच्या तपशिलात तयार भिंतीपासून. मापांच्या तीन ओळी: घराजवळची दारं-खिडक्यांची, मधली आडभिंतींची, सगळ्यात बाहेरची पूर्ण लांबीची. तिन्हींची बेरीज जुळलीच पाहिजे. कॉम्प्युटर जुळवून देतो, पण कुणी आकडा हाताने बदलला की तो गप्प बसतो. म्हणून पाठवण्याआधी मी कॅल्क्युलेटर घेऊन बेरीज करतेच. आणि एकच माप दोन शीटवर कधी देत नाही. एकीकडे बदलतं, दुसरीकडे राहून जातं.

बाकी बारीकसारीक नियम भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस ९६२ मध्ये सापडतात, १९८९ ची आवृत्ती. ग्रिडच्या, म्हणजे आखणीच्या रेघांना नावं देणाऱ्या, वर्तुळांत इंग्रजी आय आणि ओ वगळायचे, कारण ते एक आणि शून्यासारखे दिसतात, ही रीतही पाळावी. लहान वाटते, पण झेरॉक्समध्ये तिची किंमत कळते.

सुधारित नकाशाचं एक सांगायचं राहिलं. बदललेल्या भागाभोवती ढगाच्या आकाराची रेघ काढायची, त्रिकोणात क्रमांक द्यायचा, तक्त्यात तारीख टाकायची, हे सगळेच करतात. पण जुनी झेरॉक्स खिशातच असते, आणि हाताला सवय तिचीच असते. मी जुनी प्रत परत घेतल्याशिवाय नवी देत नाही. कॉन्ट्रॅक्टर वैतागतात. वैतागू देत.

सांखळीहून परत आल्यावर त्या बाथरूमचं वेगळं शीट केलं. थेट ए३ वर, १:२० ला, म्हणजे कुणाला लहान करायची गरजच पडू नये. प्लॅन आणि चारही भिंती. १३५० चा आकडा ५ मिलिमीटर उंचीचा. ऑफिसच्या झेरॉक्सवर काळी-पांढरी प्रत काढली, आठ घड्या घातल्या, उलगडली आणि गॅलरीत ढगाळ उजेडात धरून वाचली. सगळं वाचता आलं तेव्हा पाठवलं.

काल पुन्हा गेले होते. मिस्त्रीने तो कागद प्लास्टिकमध्ये घालून सिमेंट ठेवायच्या खोलीत दाराच्या आतल्या बाजूला खिळ्याने टांगला होता. बाथरूमच्या भिंतीवर, नळाच्या चिन्हाशेजारी त्याने पेन्सिलीने एक उभी रेघ काढली होती, दोन्ही टोकांना बाण, आणि मध्ये प्रश्नचिन्ह. नळाची उंची मी द्यायची विसरले होते. त्याच्याचकडून पेन्सिल घेतली, प्रश्नचिन्ह खोडलं आणि तिथे ६०० लिहिलं.