‘बघतो’ म्हणालो आणि अडकलो

भाडेकरूचा फोन आला तेव्हा मी घाईत होतो. "काका, बाथरूमच्या छताला ओल आलीय." मी म्हणालो, "बघतो." त्या ‘बघतो’ने पुढचे 5 आठवडे खाल्ले.

करार, अनामत, चाव्या हे सगळं बिनबोभाट झालं होतं. घोडं अडलं ते वरच्या मजल्यावर. वरचं घरही भाड्यानेच दिलेलं, मालक परगावी. फोन उचलला तर एकच उत्तर, "माणूस पाठवतो." माणूस काही येईना. मी चिडायचो, पुन्हा फोन लावायचो आणि माझ्या भाडेकरूला मात्र एक अक्षर कळवायचो नाही. कळवण्यासारखं होतंच काय? माझ्या लेखी मी धावपळ करत होतो, त्याच्या लेखी मालक ढिम्म. त्याचे मेसेज आधी रोज यायचे, मग दोन-तीन दिवसांआड, मग थांबले. मला वाटलं, ओल कमी झाली असेल! चौथ्या आठवड्यात घर सोडत असल्याची नोटीस आली. सोबत 14 फोटो, तारखांसकट.

तेव्हा कुठे मी प्लंबरला घेऊन गेलो. (विचारून, वेळ ठरवून. जादा किल्ली आपल्याकडे असली तरी घर त्याचं असतं.) पहिल्यांदाच विचारलं, "नेमकं कधी गळतं?"

"वरच्यांचं वॉशिंग मशीन लागलं की. रात्री थेंबही नसतो."

प्लंबर माझ्याकडे बघतच राहिला. नळाच्या लाइनला कायम दाब असतो, ती फुटली तर दिवसरात्र ठिबकतं. वापरापुरतंच गळतंय म्हणजे सांडपाण्याचा पाइप. वरच्या भाडेकरूंना मशीन बंद ठेवायची विनंती केली, गळती थांबली. नेमकं कारण लिहून पाठवल्यावर त्या मालकांचा माणूसही दोन दिवसांत उगवला. ही माहिती महिनाभर माझ्याच घरात होती!

आता मी त्याच दिवशी उत्तर देतो, भले ते "अजून काही हललं नाही, शुक्रवारी परत फोन करतो" एवढंच असो. तोंडी बोलणं झालं तरी मागाहून दोन ओळी लिहून पाठवतो. गॅसचा वास, विजेची ठिणगी यासाठी कधीही फोन, बाकीचं मेसेजवर. आणि हो, चाव्या देतानाच दोघांनी मिळून भिंतींचे, छताचे फोटो आणि मीटरचं रीडिंग घेऊन ठेवावं. मी घेतले नव्हते, त्यामुळे ओल जुनी की नवी यावर नसती घासाघीस झाली.

त्याने नोटीस मागे घेतली. रंग बाकी आहे. ओल्या छतावर दिला तर पोपडे सुटतील, म्हणून थांबलोय, हेही त्याला लिहून कळवलंय. नाहीतर परत ढिम्म ठरायचो.