पोल्का कुणाला ऐकू येतो?

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी आधुनिक अमेरिकन नाटकाच्या पेपरसाठी सरांनी एका ओळीचा प्रश्न दिला होता : टेनेसी विल्यम्सच्या ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’चा प्रोटॅगॉनिस्ट, म्हणजे मुख्य पात्र, कोण, ते संहितेतून दाखवा. (तेंडुलकरांनी ‘वासनाचक्र’ नावानं मराठीत आणलं ते हेच नाटक.) मी एका रात्रीत चार पानं लिहिली. उत्तर : स्टॅन्ली कोवाल्स्की.

मी आधी १९५१चा सिनेमा पाहिला होता. स्टॅन्ली झालेला मार्लन ब्रँडो पडद्यावर आला की नजर दुसरीकडे जातच नाही. घर त्याचं, दरारा त्याचा, जिंकतोही तोच.

कागद परत आले. खाली पेन्सिलनं एवढंच लिहिलं होतं : ‘स्टॅन्लीला काय हवंय?’

मी पुन्हा पहिल्या पानापासून बसले. ११ दृश्यं, प्रत्येकाला वहीचं एक पान, त्यावर दोन रकाने : कोण काय मिळवायला धडपडतंय आणि आड कोण येतंय. पहिल्या रकान्यात ब्लांशच येत राहिली. बेल रीव्ह हे वाडवडिलांचं घर हातचं गेल्यावर ती न्यू ऑर्लीन्समध्ये धाकटी बहीण स्टेला आणि तिचा नवरा स्टॅन्ली यांच्या दोन खोल्यांत येते. आधी स्टेलाचा आसरा, मग स्टॅन्लीचा मित्र मिच याच्याशी लग्नाची आशा, शेवटी जुन्या ओळखीच्या श्रीमंत माणसाला तार. स्टॅन्लीला हवंय ते इतकंच की घर पूर्वीसारखं व्हावं. तो तिची ट्रंक उपसतो, ती जिथून आली त्या लॉरेल गावातली तिची माहिती काढून मिचच्या कानावर घालतो, तिच्या वाढदिवशी लॉरेलला परत जायचं बसचं तिकीट पुढे करतो. सगळं दुसऱ्या रकान्यातलं.

तरी ब्लांशचं नाव लिहायला हात धजेना. ती खोटं बोलते, चोरून पिते, सतरा वर्षांच्या मुलाच्या प्रकरणात तिची शिक्षिकेची नोकरी गेलेली. हिला नायिका कसं म्हणायचं? बऱ्याच दिवसांनी लक्षात आलं की अडचण माझ्या शब्दात होती. प्रोटॅगॉनिस्टचा मी मनातल्या मनात ‘नायक’ करत होते. आपल्याकडे नायक म्हटलं की सद्गुण आलेच, आणि नायिका बहुतेक वेळा त्या नायकाचीच कुणीतरी. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मात्र पहिला नट, मुख्य स्पर्धक. चांगुलपणाची अट त्यात नाही. वहीतलं ‘नायक’ खोडून मी ‘मध्यवर्ती पात्र’ लिहिलं आणि गाडी पुढे सरकली.

सगळ्यात भक्कम पुरावा सापडला तो रंगसूचनांत, ज्या मी पहिल्या वाचनात चक्क गाळल्या होत्या. पहिल्या दृश्याच्या शेवटी स्टॅन्ली ब्लांशला तिच्या लग्नाबद्दल विचारतो आणि दुरून पोल्का या नाचाची धून येते. तिचा नवरा अ‍ॅलन, अगदी पोरसवदा. नाचता नाचता ती त्याला तोंडावर म्हणाली की तुझी किळस येते. त्यानं बाहेर धावत जाऊन स्वतःवर गोळी झाडली. त्या रात्री वाजत होती ती ही धून. शोकांतिकेत शोधायला सांगतात ती चूक इथे पडदा उघडण्याआधीच घडून गेली आहे. नवव्या दृश्यात मिच समोर असताना धून पुन्हा वाजते, गोळीचा आवाज होतो, मग ती थांबते. मिचला काही ऐकू येत नाही. आपल्याला येतं! लेखकानं प्रेक्षकाला ब्लांशचे कान दिलेत. स्टॅन्लीच्या डोक्यातला एकही आवाज आपल्यापर्यंत पोचत नाही.

एक शंका उरली होती. ब्लांश गेल्यावरही नाटक संपत नाही, शेवटचं वाक्य तर पत्त्यांच्या डावाचं आहे. मग मी ते पान मोठ्यानं वाचलं, रंगसूचनांसकट. तिला मनोरुग्णालयात न्यायला आलेल्या डॉक्टरचा हात धरून ती निघून जाते. स्टेला हमसून रडते, स्टॅन्ली तिला जवळ घेतो, वस्तीतल्या ‘ब्लू पियानो’चे सूर चढत जातात. पोल्का कुठेच नाही. तो तिच्याबरोबर गेलेला असतो.