टाकी भरलेली असताना ठणठणीत, नंतर ढेपाळणारं ग्लो इंजिन (माझा अनुभव)

रिमोट कंट्रोलच्या मॉडेल विमानाचं इंजिन, .४६ साइझचं (घनइंचात) म्हणजे साडेसात सीसी, टू-स्ट्रोक, हाय विंग ट्रेनरवर (पंख वर असलेलं शिकाऊ विमान) लावलेलं, सेकंडहँड घेतलेलं. जमिनीवर एकदम राजा. प्रॉपला (पंख्याला) दोन फ्लिक दिले की चालू, आयडल शांत, थ्रॉटल दिला की लगेच उठणार. टेकऑफही मस्त. आणि मग हवेत काही मिनिटं झाली की आवाज पातळ व्हायला लागायचा, चढताना दम संपायचा, थ्रॉटल अर्धा केला की थोडं सावरायचं आणि परत फुल दिला की पुन्हा मान टाकायची. उतरवून लगेच बघितलं तर सगळं ठीक वाटायचं, आणि हाच खरा ताप होता, कारण जमिनीवर दिसतच नाही ते शोधायचं कसं.

असं इंजिन मैदानावर नेलं की सल्ल्यांना तोटा नसतो. एक म्हणतो प्लग बदल, दुसरा म्हणतो नीडल (कार्ब्युरेटरमधून फ्युएल किती जायचं ते ठरवणारा स्क्रू) दोन क्लिक उघड, तिसरा म्हणतो फ्युएल जुनं झालंय. गंमत म्हणजे तिघंही बरोबर असू शकतात, पॉवर जाण्याची कारणं तीच तर असतात. पण सगळं एकदम बदललं तर बरं कशामुळे झालं ते कळत नाही आणि पुढच्या वेळी परत पहिल्यापासून सुरुवात. म्हणून ठरवलं की एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि प्रत्येक वेळी टॅकोमीटरने आरपीएम (मिनिटाला फेरे) मोजून लिहून ठेवायचा. कानाला बरं वाटतंय यावर माझा फारसा विश्वास नाही, तीनचारशे आरपीएम कमी झालेले कानाला कळत नाहीत, चढताना विमानाला मात्र बरोबर कळतात.

प्लगपासून सुरुवात केली कारण ते सगळ्यात सोपं. या इंजिनाचं फ्युएल म्हणजे मिथेनॉल, तेल आणि थोडं नायट्रो (नायट्रोमिथेन), आणि ते पेटवणाऱ्या ग्लो प्लगमधली कॉइल प्लॅटिनम मिश्रधातूची असते, आपण दीड व्होल्ट देतो ते फक्त चालू करण्यापुरतं, नंतर मिथेनॉलची प्लॅटिनमवर होणारी कॅटॅलिटिक रिअॅक्शन आणि आधीच्या स्फोटाची उष्णता यांवर ती स्वतःच लाल राहते. म्हणून टेस्ट सरळ आहे, फुल थ्रॉटलला ग्लो ड्रायव्हर (प्लगला दीड व्होल्ट देणारी बॅटरी) काढायचा, आरपीएम ठळकपणे पडला तर प्लग दमलाय किंवा फ्युएल खराब आहे. माझा पडला नाही. तरी नवीन प्लग टाकून बघितला, काडीचा फरक नाही. फ्युएलचा पण नवीन सीलबंद कॅन उघडला, कारण मिथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि झाकण सैल राहिलेला कॅन कधी बाद होतो ते वास घेऊन कळत नाही. फरक शून्य. ठीक आहे, दोन गोष्टी यादीतून गेल्या.

मग नीडल. लक्षणं सगळी लीनची होती, म्हणजे हवा जास्त फ्युएल कमी, इंजिन तापतं आणि पॉवर पडते. लीन की रिच ते बघायची जुनी युक्ती म्हणजे फुल थ्रॉटलला फ्युएलची नळी क्षणभर चिमटीत दाबून सोडायची. आरपीएम आधी जरासा वर गेला तर सेटिंग रिच (फ्युएल जास्त) बाजूला आहे, लगेच खाली आला तर आधीच लीन आहे. (हे आणि नीडल फिरवणं दोन्ही प्रॉपच्या मागून करायचं, विमान कुणीतरी नीट धरलेलं असताना. प्रॉपच्या पुढून हात घालणारे लोक बघितले की माझ्या अंगावर काटा येतो.) माझं इंजिन रिच बाजूलाच होतं. पीक आरपीएम शोधून तिथून तीनशेच्या आसपास खाली आणून ठेवलेलं, म्हणजे पाहिजे तसंच. विमानाचं नाक आभाळाकडे करून फुल थ्रॉटल देऊन पण बघितलं, दहा-पंधरा सेकंद धरलं, आरपीएम जागचा हलला नाही. म्हणजे पुस्तकी हिशोबाने नीडल पास.

आता इथे हवा कुठून घुसू शकते ते बघायला लागलो. कार्ब्युरेटरच्या बुडाची ओ-रिंग, बॅकप्लेटचं (इंजिनाच्या मागच्या झाकणाचं) गॅस्केट, हेडचे बोल्ट, प्लगखालचा वॉशर. चालत्या इंजिनात कार्बच्या बुडाशी तेलाचा थेंब सोडला, आरपीएम बदलला असता तर तिथून हवा ओढतंय असं कळलं असतं, तसं काही झालं नाही. हेडभोवती तेलाचे बुडबुडे नाहीत. बोल्ट थंड इंजिनवर आडवेतिडवे थोडे थोडे करून घट्ट केले, कुठलाच सैल नव्हता. मफलरमधून टाकीत प्रेशर नेणारी नळी पण तपासली, ती चिरली तर फुल थ्रॉटलला फ्युएल कमी पडतं, ती पण धडधाकट. स्पंजमध्ये बसवलेली टाकी हलत नव्हती, म्हणजे व्हायब्रेशनने फ्युएलला फेस येण्याचा प्रकार पण दिसत नव्हता, आणि टाकीची मधली रेष नीडलच्या किंचित खाली होती, म्हणजे जागा पण बरोबर.

मग एक साधा प्रश्न पडला जो खरं तर पहिल्यांदा विचारायला हवा असतो: त्रास वेळेनुसार येतोय की तापण्यानुसार की फ्युएलच्या पातळीनुसार? तिन्ही गोष्टी उडताना एकत्रच घडतात ना, पाच मिनिटं झाली की इंजिन तापलेलंही असतं आणि टाकी अर्धी पण झालेली असते. मग त्या वेगळ्या करायच्या. पहिलं म्हणजे इंजिन चांगलं तापल्यावर उतरवलं, टाकी काठोकाठ भरली आणि गरमच परत उडवलं. ठणठणीत! थंड इंजिनवर जसं पळतं तसं पळालं. दुसरं म्हणजे उलटं, इंजिन पूर्ण थंड होऊ दिलं, टाकी अर्धीच भरली आणि जमिनीवरच नाक वर करून फुल थ्रॉटल दिला. काही सेकंदांत आवाज पातळ झाला. एवढ्यात सगळं कळलं. मोठा दोष टाकीत होता, इंजिनात नव्हता. आणि नाक वर करण्याची टेस्ट आधी पास का झाली तेही कळलं, ती टेस्ट आपण नेहमी टाकी भरल्याभरल्या करतो आणि तेव्हा सगळंच फ्युएलमध्ये बुडालेलं असतं.

टाकी बाहेर काढली, बूच उघडलं. आतली क्लंकची (नळीच्या टोकाचं वजन, जे फ्युएल जिकडे सरकेल तिकडे जातं) सिलिकॉन नळी ज्या पितळी ट्यूबवर चढवलेली असते तिचं कापलेलं तोंड घासून गुळगुळीत केलेलं नव्हतं, धार तशीच राहिलेली, आणि व्हायब्रेशनने त्या धारेने नळीला आतून बारीक छेद पाडलेला. डोळ्यांना दिसत नव्हता. नळीचं एक टोक बोटाने बंद करून दुसऱ्याकडून सिरिंजने हवा दिली आणि पाण्यात बुडवली तेव्हा बुडबुड्यांची बारीक माळ आली. छेद टाकीच्या पुढच्या बाजूला आणि उंचीच्या साधारण मध्यावर, म्हणजे टाकी भरलेली असेपर्यंत तो फ्युएलमध्ये बुडलेला, अर्धी झाली की उघडा पडायचा आणि फ्युएलसोबत हवा जायची. चढताना फ्युएल मागे सरकतं म्हणून तेव्हा आणखी लवकर. ट्यूबचं तोंड बारीक सँडपेपरने गोल केलं, धूळ धुऊन काढली कारण तीच नंतर नीडलमध्ये जाऊन बसते, आणि नवीन नळी टाकली. क्लंक टाकीच्या मागच्या भिंतीला टेकणार नाही इतकी लांबी ठेवली.

मोठा त्रास गेला. पण वहीत आकडे लिहिलेले असल्यामुळे एक छोटा त्रास तसाच राहिलाय हे दिसलं: ११x६ (इंचात व्यास आणि पिच) प्रॉपवर सुरुवातीला ११,८०० च्या आसपास आणि चांगलं तापल्यावर ११,३०० वर. हवेत फारसं जाणवत नव्हतं, कदाचित सोडून दिलं असतं तर चाललं असतं. पण हा आकडा टाकी भरली तरी तसाच, नीडल थोडी रिच केली तरी घसरण तेवढीच, म्हणजे फ्युएलचा संबंध नाही. गरम असतानाच बंद करून, ग्लो आणि फ्युएल काढून हाताने प्रॉप फिरवला, कॉम्प्रेशन चांगलं होतं, म्हणजे पिस्टन आणि लायनर (सिलिंडरचं आतलं अस्तर) झिजलेले नाहीत. एबीसी (अॅल्युमिनियम पिस्टन, क्रोम चढवलेला पितळी लायनर) इंजिनात लायनर वरच्या बाजूला किंचित निमुळता असतो त्यामुळे थंड असताना वर अडकल्यासारखं वाटतं ते नॉर्मल आहे, बघायचं असतं ते गरम झाल्यावरचं.

मग प्लग काढून शाफ्ट बोटांनी सावकाश फिरवला आणि कचकच लागली. बेअरिंग. आधीच्या मालकाने उडवून झाल्यावर टाकी तशीच सोडून इंजिन महिनोन् महिने ठेवलं असावं, नायट्रोच्या ज्वलनातून आम्लं बनतात, मिथेनॉलने ओढलेला ओलावा असतो, मागचं बेअरिंग गंजायला एवढं पुरतं. बेअरिंग बदलायला घाबरायचं काही नाही, फक्त ठोकाठोकी नको. कार्ब, बॅकप्लेट, लायनर, पिस्टन, कॉनरॉड काढताना प्रत्येक भाग कुठल्या दिशेने बसलाय त्याचे फोटो घेतले, शाफ्ट काढला आणि रिकामी क्रँककेस ओव्हनमध्ये दीडशे डिग्रीला तापवली (स्वयंपाकाचा ओव्हन वापरू नका, तेलाचा वास जाता जात नाही). अॅल्युमिनियम स्टीलपेक्षा जास्त प्रसरण पावतं, म्हणून लाकडी फळीवर हलकं आपटलं की मागचं बेअरिंग आपोआप खाली पडलं, पुढचं लाकडी दांड्याने ढकललं. रिंगवर कोरलेला नंबर बघून त्याच मापाचे नवीन घेतले आणि केस परत तापवून बसवले, थंड बेअरिंग गरम केसमध्ये सहज सरकतं.

जोडल्यावर नीडल परत पहिल्यापासून लावावी लागली, जुना आकडा उपयोगाचा राहिला नाही. आता थंड आणि गरम यात शंभराचा फरक दिसतो. बाकी उडवून झालं की टाकी रिकामी करतो, आयडलला नळी काढून इंजिनातलं उरलेलं फ्युएल जाळून टाकतो आणि कार्बमधून आफ्टर-रन ऑइलचे काही थेंब सोडून प्रॉप हाताने फिरवतो. क्लंकची नळी आता फुटायची वाट न बघता दर सीझनला बदलतो आणि बदलताना पितळी ट्यूबच्या तोंडावरून बोट फिरवून बघतो.