रॉचेस्टर: पिवळ्या खोक्याच्या गावी

बाबांचा सांगलीत फोटो स्टुडिओ होता. शाळेतून आलो की काउंटरवर बसून मी रोलची पाकिटं लिहायचो: नाव, तारीख, किती कॉप्या. मागच्या फडताळात कोडॅकच्या पिवळ्या खोक्यांची चळत असे, आणि रिकाम्या काळ्या डब्या आई हळदकुंकू ठेवायला न्यायची. म्हणूनच न्यू जर्सीला ताईकडे गेलो, नायगाऱ्याचा बेत ठरला, तेव्हा वाटेतला एक अख्खा दिवस मी कोडॅकच्या गावासाठी, रॉचेस्टरसाठी मागून घेतला.

कोडॅक कंपनी काढणाऱ्या जॉर्ज ईस्टमनचा ईस्ट अ‍ॅव्हेन्यूवरचा वाडा आता संग्रहालय झालाय. मधल्या काचेच्या छताच्या दालनात भिंतीवर हत्तीचं भलंमोठं मस्तक आहे. ईस्टमन सकाळी साडेसातला न्याहारीला यायचा, तेव्हा पगारी वादक ऑर्गन वाजवायचा. दालन चौरस असल्याने सूर मनासारखे घुमत नाहीत, असं त्याला वाटे. म्हणून १९१९ मध्ये त्याने चक्क घराचे दोन तुकडे करवून मागचा भाग ९ फूट ४ इंच मागे सरकवला! तो सांधा कुठे दिसतो का, हे मी बराच वेळ फरशीवर शोधत होतो. सापडला नाही.

हा माणूस वडील गेल्यावर चौदाव्या वर्षी शाळा सोडून नोकरीला लागला होता. आई घरात भाडेकरू ठेवून संसार चालवायची. पुढे तो बँकेत कारकून झाला आणि १८७७ मध्ये ९४ डॉलर घालून त्याने फोटोचं सामान घेतलं. तेव्हा फिल्मऐवजी काच असे; ती जागेवरच रसायनात भिजवायची, ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत धुवायची अशी रीत होती. त्यासाठी अंधारा तंबूसुद्धा बरोबर न्यावा लागे. हा खटाटोप त्याला मान्य नव्हता. दिवसभर बँक, रात्री आईच्या स्वयंपाकघरात, काच कोरडीच वापरता यावी म्हणून, जिलेटिनची मिश्रणं. दमला की शेगडीपाशीच आडवा व्हायचा.

१८८८ चा पहिला कोडॅक बघताना मी काचेला नाक लावून उभा होतो. चामडं मढवलेला लांबट डबा. दोरी ओढायची, बटण दाबायचं, किल्ली फिरवायची, बस्स. आतून बघायला भोकसुद्धा नाही. किंमत २५ डॉलर, आत १०० गोल फोटोंची फिल्म. ती संपली की अख्खा कॅमेराच रॉचेस्टरला पाठवायचा. १० डॉलरमध्ये फोटो आणि नवी फिल्म भरलेला कॅमेरा परत. ‘तुम्ही बटण दाबा, बाकीचं आम्ही बघतो’, अशी जाहिरात होती.

बाबा म्हणायचे, "कॅमेऱ्यावर पोट भरत नाही रे, रोलवर भरतं." ईस्टमनला हे त्या काळीच उमगलं होतं. १९०० मध्ये त्याने ब्राउनी कॅमेरा अवघ्या १ डॉलरला काढला आणि फिल्म १५ सेंटला विकली. १९१२ साली दादासाहेब फाळक्यांनी लंडनमध्ये विल्यमसन कॅमेरा घेतला, तेव्हा कच्ची फिल्म मागवली ती कोडॅकचीच.

कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसन या इंजिनिअरने १९७५ मध्ये डिजिटल कॅमेरा बनवला. वजन साडेतीन किलोंहून जास्त, चित्र दहा हजार ठिपक्यांचं, ते कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. तरी कंपनीने तो धंदा मनापासून केला नाही आणि जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. मूर्खपणा म्हणून लोक हे सहज उडवून लावतात. मला ते पटत नाही. १९८२ मध्ये एकट्या रॉचेस्टर परिसरात साठ हजारांवर माणसं कोडॅकमध्ये कामाला होती, आणि त्यांच्या पगाराचा मोठा आधार होता फिल्म. ज्या फांदीवर एवढी घरटी आहेत ती आपल्याच हाताने कापायची हिंमत कुठून आणायची? आमचा स्टुडिओही २००६ मध्ये बंद झाला. बाबांनाही डिजिटल येताना दिसत होतंच की.

वरच्या मजल्यावर ईस्टमनच्या अखेरच्या चिठ्ठीपाशी थांबलो. १९३२ मध्ये, मणक्याच्या दुखण्याने चालणंही अवघड झालं असताना, त्याने स्वतःच आयुष्य संपवलं. ‘मित्रांनो, माझं काम झालं आहे. मग थांबायचं कशाला?’ एवढंच लिहिलंय. ताई न बोलता जिना उतरली.

कोडॅकची फिल्म अजूनही रॉचेस्टरमध्येच बनते. निघताना ट्राय-एक्स या कृष्णधवल फिल्मचा ३६ फोटोंचा एक रोल घेतला आणि बाबांच्या जुन्या कॅमेऱ्यात भरून नायगाऱ्यावर संपवला. रात्री फोनवर बाबांना सांगितलं. तो तिकडे धुवायला देऊ नकोस, म्हणाले. माळ्यावरची रोल धुवायची टाकी त्यांनी उतरवून घासून ठेवली आहे.