तुम्ही विचारलंत म्हणून: "हे तुमच्याच बाबतीत झालंय का?"

कार्यक्रम संपला की कोणीतरी येतंच. कविता आवडली, अंगावर काटा आला वगैरे झालं की आवाज खाली आणून, "ते... तुमच्याच बाबतीत झालंय का?" प्रेमभंगावर कविता म्हणणाऱ्या पुरुषांना कोणी तिचा पत्ता विचारत नाही. माझ्याकडे मात्र पुरावा मागतात.

महिला दिनाचा एक कार्यक्रम होता (८ मार्च हा आमचा सीझन, ९ तारखेपासून फोन शांत). घरातल्या मारहाणीवरची कविता, सगळी "मी" म्हणून लिहिलेली. लोक रडले. मग प्रश्नोत्तरं, आणि पहिल्याच रांगेतून तोच प्रश्न, तोही माइकवर. मी म्हटलं, नाही, माझ्या बाबतीत नाही झालं. हॉल एकदम गार पडला. आभार मानायला उठलेल्या बाई म्हणाल्या, "म्हणजे आम्ही उगाचच रडलो की!" सगळे हसले, मीही हसले, का हसले देव जाणे. नंतर मानधनाचं पाकीट देताना त्याच बाईंनी सांगितलं, पुढच्या वेळी स्वतःचं काहीतरी आणा, जास्त भिडतं. म्हणजे आधी मार खाऊन यायचं, मग माइक मिळणार!

आता खरं सांगायचं तर ही सवय आम्हीही लावलीय. मार्क स्मिथ या कवीने १९८६ मध्ये शिकागोच्या ग्रीन मिल या क्लबमध्ये स्लॅम (म्हणजे मंचावर कविता म्हणायची स्पर्धा) सुरू केलं, तेव्हापासून प्रेक्षकांतलेच लोक परीक्षक. आता नेहमीचा नियम म्हणजे तीन मिनिटं, पाच परीक्षक, दहापैकी मार्क, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा सोडून द्यायचा. तेवढ्या वेळात अनोळखी माणसाकडून नऊच्या वर काढायचे तर जखम दाखवणं सगळ्यात सोपं, आणि मी दाखवलीय. माझ्या विनोदी कविता सहा-सातच्या वर कधी गेल्या नाहीत.

पंचविशीतली मी इथे भांडायला उठेल. म्हणेल, अगं, सगळ्यांच्या वतीनेच तर "मी" म्हणायचं असतं, आणि अमेरिकन स्त्रीवादी कॅरोल हॅनिशचं म्हणणं तोंडावर मारेल, १९७० मध्ये छापून आलेलं, की बायका एकत्र बसून आपापलं सांगतात ती थेरपी नाही, ते राजकारण आहे. पटतं गं, अजूनही पटतं. पण त्या खोलीत ऐकणारीही आपलं सांगायची, इथे समोरचा नुसता मार्क देतो.

म्हणून हल्ली मी उत्तरच देत नाही. माज म्हणतात, म्हणू देत. एक कविता खरंच माझी आहे, पण कुठली ते सांगितलं की बाकीच्या सगळ्या खोट्या ठरतात, आणि नाही सांगितलं की तुम्ही सगळ्याच माझ्या नावावर लावता.