किटुलगलाचा पूल आणि भूगोलाचे सर

1974 साली मी नववी 'ब'मध्ये होतो. स्नेहसंमेलनाच्या आदल्या शनिवारी भूगोलाच्या सरांनी कुठूनतरी ओळख काढून एक प्रोजेक्टर आणि रिळं मिळवली. प्रार्थनेच्या हॉलच्या खिडक्यांना सतरंज्या टांगल्या, समोर पांढरी चादर बांधली. सिनेमा होता 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय': दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या कैदेतले ब्रिटिश सैनिक रेल्वेचा पूल बांधतात, त्याची गोष्ट. इंग्रजी संवाद आम्हाला धड कळत नव्हते. रीळ बदलायला दिवा लागला की सर पुढची गोष्ट मराठीतून सांगायचे. युद्धकैदी शिट्टी वाजवत छावणीत येतात, ती 'कर्नल बोगी'ची धून पुढे वर्षभर शाळेच्या व्हरांड्यातून ऐकू येत होती.

शेवटी पूल उडतो आणि आगगाडी नदीत कोसळते. दिवे लागले तेव्हा हॉलमध्ये एकच वाद चालू होता: गाडी खरी की खेळण्यातली? सर म्हणाले, "शोधा. ज्याला सापडेल त्याने मला येऊन सांगायचं." मग भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून त्यांनी दाखवलं, की गोष्ट सयाममधली, म्हणजे थायलंडमधली आहे, पण चित्रीकरण सिलोनमध्ये, म्हणजे श्रीलंकेत झालंय. सिलोन आम्हाला फक्त रेडिओमुळे ठाऊक होतं.

मी पुढे सिव्हिल इंजिनिअर झालो, तीस वर्षं पुलांचीच कामं केली. उत्तरही वाचता वाचता हाती आलं. गाडी खरी होती, पूलही खरा होता. किटुलगल गावाजवळ केळणी नदीवर 425 फुटांचा लाकडी पूल उभारला होता. ओंडके ओढायला हत्ती होते. मार्च 1957 मध्ये तो उडवायचा दिवस ठरला. दिग्दर्शक डेव्हिड लीन यांनी बरेच कॅमेरे लावले होते. प्रत्येक कॅमेरामनने सुरक्षित जागी पोहोचल्यावर बटण दाबायचं, म्हणजे लीन यांच्यासमोरचा दिवा लागणार. गाडी निघाली, ड्रायव्हरने उडी टाकली, पण एक दिवा लागलाच नाही. माणूस तिथे अडकला असेल तर? लीन यांनी स्फोट थांबवला. बिनड्रायव्हरची गाडी पूल ओलांडून पलीकडच्या जनरेटरवर आदळली. तो कॅमेरामन सुखरूप होता, बटण दाबायचं तेवढं विसरला होता. गाडी पुन्हा रुळावर आणली आणि दुसऱ्या दिवशी पूल उडवला.

साइटवर सुरुंग लावताना 'सगळे बाहेर आले का' हा प्रश्न मी आयुष्यभर विचारत आलो. म्हणून त्या न लागलेल्या दिव्यापुढे बाकीचा सिनेमा मला लहान वाटतो. सगळी तयारी वाया जाणार हे दिसत असताना लीन यांनी एका माणसासाठी हात आवरला.

एक गोष्ट मात्र खुपते. सिनेमात जपान्यांना पूल बांधता येत नाही, ब्रिटिश अधिकारी त्यांना शिकवतात. प्रत्यक्षात जपानी इंजिनिअर आपल्या कामात पक्के होते. 1942-43 मध्ये 415 किलोमीटरचा तो सयाम-बर्मा रेल्वेमार्ग त्यांनीच आखला आणि माणसं मारून पुरा केला. बारा हजारांवर युद्धकैदी तिथे मृत्युमुखी पडले. मलायाच्या रबर मळ्यांतून नेलेल्या तमिळ मजुरांसह जे आशियाई मजूर मेले, त्यांची संख्या याच्या कितीतरी पट होती. सिनेमात ते जवळजवळ दिसतच नाहीत.

नावं तर पडद्यामागचीही गाळली गेली. पटकथा कार्ल फोरमन आणि मायकेल विल्सन यांची. पण कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून दोघेही हॉलिवूडच्या काळ्या यादीत होते, म्हणजे त्यांना उघडपणे काम देणं बंद होतं. त्यामुळे ऑस्कर गेलं मूळ फ्रेंच कादंबरीकार पिएर बूल यांच्या नावावर. 1984 साली ऑस्कर देणाऱ्या अकादमीने चूक सुधारली, पण तोवर दोघेही हयात नव्हते.

निवृत्तीनंतर बायकोला घेऊन श्रीलंकेला गेलो तेव्हा वाट वाकडी करून किटुलगलला उतरलो. पूल नाही, पण काठावर काँक्रीटचे पाये अजून आहेत. हात लावून पाहिले, फोटो काढले.

सर तेव्हा अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होते. घरी जाऊन पाया पडलो आणि म्हणालो, "सर, गाडी खरी होती." त्यांना कोणती गाडी ते सांगावं लागलं नाही. चष्मा पुसून त्यांनी पुलाच्या पायांचा फोटो बराच वेळ पाहिला.

"आणि नदीला पाणी किती होतं रे?" त्यांनी विचारलं.